नाव न घेतलेला शोक : कादंबरीदेवींचा मृत्यू आणि रवींद्रनाथांचे लेखन

१८८४ सालच्या एप्रिल महिन्यात कलकत्त्याच्या जोडासांको भागातील ठाकुरवाड्यात ज्योतिरिंद्रनाथांच्या पत्नी कादंबरीदेवी यांनी आत्महत्या केली. वयाची पंचवीस वर्षेही त्यांनी पुरी केली नव्हती. धाकटे दीर रवींद्रनाथ तेव्हा तेविसाव्या वर्षाच्या अखेरीस होते आणि त्यांच्या विवाहाला जेमतेम साडेचार महिने झाले होते. या घटनेवर बंगालीत लेख, चरित्रे, कादंबऱ्या, चित्रपट असे उदंड साहित्य निर्माण झाले आणि त्याचे पडसाद मराठीपर्यंतही आले. परंतु त्या साहित्याचा फार मोठा भाग एकाच प्रश्नाभोवती फिरतो : त्यांनी असे का केले? पतीचे दुर्लक्ष, दिराचे लग्न, मूल नसणे, कुणा नटीची पत्रे, वाड्यातल्या बायकांचे टोमणे. तर्कांना तोटा नाही. यांपैकी एकही तर्क निर्णायकपणे सिद्ध झालेला नाही आणि होण्याची शक्यताही दिसत नाही. आत्महत्येला सहसा एकच एक कारण नसते, हे आज मानसशास्त्र सांगते. चरित्रकारांना मात्र एक कारण लागते, कारण त्यावाचून प्रकरण संपवता येत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय ते 'का' नाही. एक माणूस अशा रीतीने गेल्यावर मागे उरलेल्या माणसाने पुढची सत्तावन्न वर्षे त्या मृत्यूचे काय केले, हा आहे. रवींद्रनाथांच्या लेखनातून या शोकाचा जवळजवळ सलग माग काढता येतो. आपण मात्र त्या लेखनाकडे पुरावा म्हणून पाहतो. एखादे समर्पण, एखादी कविता हाती आली की त्यातून 'संबंध' शोधू लागतो. वर्गात 'नष्टनीड' (१९०१) शिकवताना हा अनुभव हमखास येतो. चारुलता म्हणजे कादंबरी आणि अमल म्हणजे रवी, हे समीकरण विद्यार्थी कुठूनतरी घेऊनच येतात, आणि एकदा ते मांडले की कथा वाचायची राहूनच जाते.

या शोकाला जे वळण मिळाले ते समजण्यासाठी त्या काळी अशा मृत्यूला समाजात कोणती जागा होती, हे आधी पाहावे लागेल. धर्मशास्त्राने आत्मघात करणाऱ्यासाठी उदकक्रिया नाकारली. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात हा निषेध स्पष्ट आहे. पुढच्या निबंधकारांनी नारायणबलीसारख्या वाटा काढल्या खऱ्या, पण मूळची नकारघंटा गेली नाही. आपण सुतकाकडे विटाळ म्हणून पाहतो. परंतु सुतक ही शोकाला मिळालेली सामाजिक परवानगीही असते. दहा दिवस चूल वेगळी, कामे बंद, माणसे येतात, बसतात, गेलेल्याचे नाव घेतात. ही परवानगीच काढून घेतली तर मागच्यांनी रडायचे कुठे? ठाकुर कुटुंब ब्राह्मसमाजी. तेथे या विधिनिषेधांचा काच तसा कमी. पण तेथे दुसरी अडचण होती. महर्षी देवेंद्रनाथांचे घर म्हणजे साऱ्या बंगालच्या नजरेतले घर. शिवाय १८६० च्या भारतीय दंडसंहितेने आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवलेला, त्यामुळे अशा मृत्यूच्या मागोमाग सरकारी चौकशीही दारात येणार. (हे कलम आपल्याकडे किती टिकले पाहा : २०१७ च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्याने त्याची धार बोथट केली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जवळपास गळाले.)

घराने जे केले ते त्यामुळे अनपेक्षित नव्हते. बातमी वर्तमानपत्रांत येऊ नये म्हणून पैसे खर्च झाले आणि तो खर्च हिशेबवहीत रीतसर लिहिलाही गेला. प्रशांतकुमार पाल यांनी 'रविजीवनी'त या वह्यांच्या आधारे तो उजेडात आणला. तोंडे बंद ठेवण्याचा खर्च तेवढा जमाखर्चात बोलत राहिला, हा त्यातला विलक्षण भाग. आपल्याकडची घरेही यापेक्षा वेगळी वागली आहेत असे नाही. 'जिवाचे बरेवाईट करून घेतले' हा वाक्प्रचार मराठीने घडवला तो याच गरजेतून. त्यात 'बरे'ही आहे आणि 'वाईट'ही आहे, 'मरण' तेवढे नाही. 'आजारपणात गेली', 'अचानकच झाले' ही त्याचीच भावंडे. घराची अब्रू या शब्दांनी झाकली जाते, पण पुढे त्या माणसाविषयी बोलायचे कसे हा प्रश्न उभा राहतो. कसे गेले ते सांगायचे नाही, म्हणून गेलेल्या माणसाचे नावच घेतले जात नाही, आणि मृत्यूबरोबर त्याचे आयुष्यही घरातून निघून जाते.

कादंबरीदेवींचे आयुष्य त्या घरात कसे आले, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. १८६८ साली नऊ वर्षांची मुलगी ठाकुरवाड्यात सून म्हणून आली. नवरा एकोणीस वर्षांचा, धाकटा दीर सात वर्षांचा. १८७५ मध्ये सासू शारदादेवी वारल्या तेव्हा आईविना झालेल्या मुलांचा सांभाळ घरातल्या या सर्वांत लहान सुनेने अंगावर घेतला. तिचे स्वतःचे वय तेव्हा सोळाच्या आत. पुढे तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर तिने बाग केली, संध्याकाळच्या मैफली मांडल्या. १८७७ साली सुरू झालेल्या 'भारती' मासिकाच्या मंडळींचा अड्डा तिच्याभोवती जमे. ती लिहीत नव्हती. वाचत होती, ऐकत होती, आणि मुख्य म्हणजे मत देत होती. रवीने कितीही लिहिले तरी बिहारीलाल चक्रवर्तींसारखे त्याला जमायचे नाही, हे ती त्याला चिडवून सांगे. बिहारीलालांना तिने स्वतः विणलेले एक आसन भेट दिले होते आणि त्यात त्यांच्याच काव्यातल्या ओळी प्रश्नासारख्या गुंफल्या होत्या. कवीने उत्तर देण्याचे कबूल केले, पण ते 'साधेर आसन' या काव्याच्या रूपाने आले तेव्हा विचारणारी हयात नव्हती.

'भारती'च्या वर्तुळातल्या लेखिका शरत्कुमारी चौधुराणी यांनी पुढे या काळाच्या आठवणी लिहिल्या. पुष्पगुच्छातली फुले सर्वांना दिसतात, ज्याने ती बांधलेली असतात तो दोरा कुणाला दिसत नाही, आणि ज्योतिरिंद्रनाथांची पत्नी हा तो दोरा होता, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे आहे. दोरा तुटल्यावर 'भारती'च बंद करण्याची भाषा सुरू झाली. स्वर्णकुमारीदेवींनी संपादन हाती घेतले म्हणून मासिक जगले. वाङ्मयेतिहासात संपादकांची नावे येतात, लेखकांची येतात. दोऱ्याची नोंद करण्याची सोय आपल्या इतिहासलेखनात नाही.

येथे एक धागा आपल्या किनाऱ्याला येऊन मिळतो. मृत्यूच्या आदल्या वर्षी, १८८३ मध्ये, ही मंडळी कारवारला राहायला आली होती. थोरले बंधू सत्येंद्रनाथ मुंबई इलाख्यात न्यायाधीश होते आणि तेव्हा त्यांची नेमणूक तेथे होती. काळी नदीचे मुख, चांदण्या रात्री होडीतून केलेला प्रवास, वाटेतला शिवाजीच्या काळचा डोंगरी किल्ला, हे सारे 'जीवनस्मृति'त आहे. 'प्रकृतिर प्रतिशोध' हे नाटक रवींद्रनाथांनी कारवारात लिहिले. साऱ्या मायापाशांतून सुटू पाहणारा एक संन्यासी एका अनाथ मुलीच्या मायेत सापडतो, तिला टाकून जातो, आणि परततो तेव्हा ती मेलेली असते. हे कथानक पाहून कुणाला भविष्यसूचनेचा मोह होईल. तो आवरावा. नाटक आधी लिहिले गेले आणि मृत्यू नंतर आला, एवढेच आपल्या हाती आहे. पण लेखकाला स्वतःचेच ते पान नंतर कसे वाचवले असेल, हा प्रश्न मात्र रास्त आहे. ज्यांच्या घरात असा मृत्यू झाला आहे त्यांना हे ठाऊक असते. आधीचे प्रत्येक वाक्य, प्रत्येक प्रसंग उलटा वाचला जातो, आणि साध्या गोष्टींना पूर्वसूचनेचा रंग चढतो.

१८८४ मध्येच 'प्रकृतिर प्रतिशोध', 'शैशव संगीत' आणि 'भानुसिंह ठाकुरेर पदावली' ही पुस्तके आली. तिन्ही एका 'तुमि'ला अर्पण केलेली, कुठेही नाव नाही. भानुसिंहाच्या समर्पणाचा आशय असा की, या कविता छापाव्यात म्हणून तू अनेकदा सांगितलेस, तेव्हा मी ऐकले नाही. आज छापल्या, तर पाहायला तू नाहीस. आत्महत्येनंतरच्या शोकाची ओळख असणाऱ्याला या दोन वाक्यांत नेमके काय आहे ते कळेल. कोणत्याही मृत्यूनंतर माणूस 'राहून गेले' म्हणतो. अशा मृत्यूनंतर 'राहून गेले'चे 'मी केले असते तर' होते. येथे त्या अपराधभावाला अगदी लहान, हातात मावेल एवढे रूप दिले आहे : एक न ऐकलेली विनंती. मी तुला वाचवू शकलो असतो का, हा अवाढव्य प्रश्न त्याने विचारलेला नाही. पुस्तक छापले नव्हते, ते छापले. जे करता येण्याजोगे होते तेवढे केले. (बंगालीतल्या 'तुमि'चे मराठीत काय करायचे, हा अनुवादकांचा जुना पेच. तो आपल्या 'तू'पेक्षा थोडा दूर, 'तुम्ही'पेक्षा बराच जवळ. वहिनीला उद्देशून मराठी दीर कोणता शब्द वापरील ते घराघरावर अवलंबून आहे; मी येथे 'तू' घेतला आहे.)

पुढच्या वर्षी 'भारती'त 'पुष्पांजलि' हे गद्य आले. ते फार कच्चे आहे आणि त्यातच त्याचे मोल आहे. घडी बसलेला, सुभाषितात विसावलेला शोक तेथे नाही.

ज्योतिरिंद्रनाथांनी काय केले? घरच्या-बाहेरच्या टीकेला न जुमानता पत्नीला घोड्यावर बसवून कलकत्त्याच्या मैदानावर फिरायला नेणारा हा हरहुन्नरी माणूस. नाटककार, संगीतकार, चित्रकार. आगबोटींचा धंदा त्यांनी त्याच काळात काढला आणि त्यात ते बुडाले. पुन्हा लग्न केले नाही. जोडासांकोतून हळूहळू निघाले आणि उत्तरायुष्यात रांचीजवळच्या मोराबादी टेकडीवर घर बांधून राहिले. तेथेच ४ मार्च १९२५ रोजी त्यांचे निधन झाले. माणसांच्या चेहऱ्यांची पेन्सिलीने काढलेली शेकडो रेखाचित्रे आणि भाषांतरे हे त्यांचे अखेरच्या काळातले काम. लोकमान्यांचे 'गीतारहस्य' मूळ मराठीवरून बंगालीत नेले ते त्यांनीच, हे मराठीच्या फार थोड्या अध्यापकांना ठाऊक असेल. आठवणी त्यांनी दुसऱ्याला सांगून लिहवल्या. त्यांत पत्नीच्या मृत्यूविषयीचे मौन मोठे आहे. भावाने शब्द शोधले म्हणून यांचे मौन उणे ठरत नाही. दुसऱ्यांच्या शब्दांचा अनुवाद करीत राहणे हीही दुःख सोसण्याची एक रीत असू शकते. पण हा माझा तर्क आहे, आणि तर्कांविषयी वर जे म्हटले ते यालाही लागू आहे.

रवींद्रनाथांनी गद्यात या विषयाला पुन्हा हात घातला तो पंचवीसहून अधिक वर्षांनी. 'जीवनस्मृति' १९१२ साली पुस्तकरूपाने आली. तिच्यात 'मृत्युशोक' नावाचे प्रकरण आहे. आरंभी आईचा मृत्यू येतो. तो मुलाच्या वयाला साजेसा, काहीसा धूसर आहे. मग ते म्हणतात की चोविसाव्या वर्षी मृत्यूशी झालेली ओळख कायमची ठरली. पुढच्या प्रत्येक शोकाशी ती सांधली गेली. आणि हे सांगताना त्यांच्या मागे काय काय घडून गेले होते ते लक्षात घ्यावे. १९०२ मध्ये पत्नी मृणालिनीदेवी, १९०३ मध्ये मुलगी रेणुका, १९०५ मध्ये वडील, १९०७ मध्ये धाकटा मुलगा शमींद्र. एवढे मृत्यू पाहिलेला माणूस ओळख पटली म्हणून बोट दाखवतो ते १८८४ कडे. मात्र कोण गेले, कसे गेले, हे त्या प्रकरणात नाही. ज्याला माहीत आहे त्याच्यासाठीच जणू ते लिहिले आहे.

त्या प्रकरणातले तपशील मात्र कमालीचे ठोस आहेत. धोतरावर एक जाड चादर, पायात चपला, अशा वेषात थॅकरच्या दुकानात पुस्तके घ्यायला जाणे. जेवणाखाण्याचा ताळ नाही. पाऊस असो की थंडी, तिसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यात झोपणे. साहेबी दुकानात अशा अवतारात जाणारा जमीनदारपुत्र लोकांना चमत्कारिक वाटला असणार, पण लोकांची पर्वा हीच गोष्ट त्या दिवसांत गळून पडली होती. झाडे, माती, चंद्र, सूर्य सारे होते तसेच खरे आहे आणि त्या सर्वांहून जे खरे होते ते नाही, हा विरोध जुळवायचा कसा, हे त्यांना उमगत नाही. अंधाऱ्या कुंपणात कोंडलेले रोप उजेडासाठी टाचा उंचावते, तसे मन 'नाही'च्या कुंपणातून 'आहे'कडे जाऊ पाहते आणि वाट दिसत नाही, अशी एक प्रतिमा तेथे येते. त्यानंतर जे येते ते कोणत्याही सांत्वनपर पुस्तकात सापडणार नाही. या असह्य दुःखातच अधूनमधून मनावरून आनंदाची एक झुळूक जाई, असे ते लिहितात, आणि त्याचे स्वतःलाच नवल वाटे. जीवन ही अढळ, ठाम वस्तू नाही ही गोष्ट दुःखाची; पण तिच्यामुळेच मन हलके झाले. आपण भक्कम सत्याच्या भिंतींत चिणलेले कैदी नाही. जगाकडे पाहायला लागणारे अंतर मृत्यूने दिले आणि त्या अंतरावरून जग सुंदर दिसले.

हे विधान नाजूक आहे आणि त्याचा दुरुपयोग सोपा आहे. दुःखाने कवी घडतो, मृत्यूने साहित्य दिले, असली वाक्ये आपल्या समीक्षेत कमी नाहीत. रवींद्रनाथ तसे काहीच म्हणत नाहीत. कुणा स्त्रीच्या मरणाची भरपाई कवितेने होते असा हिशेब त्यांनी मांडलेला नाही. शोक करणाऱ्याला मध्येच बरे वाटले तर तो स्वतःवरच संतापतो. आपण बेइमान झालो असे त्याला वाटते. ती झुळूक त्यांनी लपवली नाही, एवढेच येथे घडले आहे.

आणि मग १९१७ चे पत्र. अमिय चक्रवर्ती हा सोळा वर्षांचा मुलगा. पुढे बंगालीतला महत्त्वाचा कवी आणि काही वर्षे रवींद्रनाथांचा साहित्य-सचिव. त्याच्या थोरल्या भावाने आत्महत्या केली होती. त्याला धीर देताना रवींद्रनाथ लिहितात की तुझ्याच वयाच्या सुमारास मलाही असेच दुःख सोसावे लागले. माझ्या एका अगदी निकटच्या आप्ताने आत्महत्या केली होती, आणि लहानपणापासून माझ्या जीवनाचा सारा आधार ते माणूस होते. पायाखालची जमीन सरकली, आकाश काळवंडले, ती पोकळी कधी भरून निघेल असे वाटत नव्हते, असेही ते सांगतात. मग मृत्यूच्या खिडकीतून जीवन पाहण्याची गोष्ट येते, 'जीवनस्मृति'तल्या त्या अंतराचीच.

समर्पणांत जे नव्हते, 'पुष्पांजलि'त नव्हते, 'जीवनस्मृति'त नव्हते, ते येथे तेहेतीस वर्षांनी आले आहे. नाव अजूनही नाही, पण 'आत्महत्या' हा शब्द आहे. जगभर कीर्ती झालेला छप्पन्न वर्षांचा माणूस हा शब्द उच्चारतो तो आत्मचरित्रात नव्हे, तर ज्याला तो ऐकण्याची नितांत गरज आहे अशा एका मुलाला लिहिलेल्या पत्रात. त्या मुलाच्या घरातही मौन पाळले जात असेल. त्याला कुणीतरी सांगायला हवे होते की असे मरण माझ्याही घरात झाले, आणि मी जगलो. अशा मृत्यूंनंतर मागे राहिलेल्यांचा वेगळा विचार करणारे शास्त्र पुढे १९६०–७० च्या दशकांत उभे राहिले. एडविन श्नाइडमन, आल्बर्ट केन यांची नावे त्यात प्रथम घेतली जातात. समदुःखितांनी एकमेकांशी बोलावे, हा आज त्याचा एक आधारस्तंभ आहे. १९१७ मध्ये त्याला नाव नव्हते. कादंबरीदेवींविषयीच्या लिखाणात हे पत्र बहुधा 'पुरावा' म्हणून येते, पाहा, कवीने स्वतःच कबूल केले, अशा सुरात. त्याचा पत्ता कुणाच्या नावचा होता, हे त्या घाईत विसरले जाते.

त्यानंतरचे लेखन निवळत गेलेले आहे. 'लिपिका'त (१९२२) 'प्रथम शोक' नावाचे छोटेसे गद्य आहे. रानातल्या गवत वाढलेल्या वाटेवर कुणीतरी हाक मारते, ओळखलेस का म्हणून विचारते. ती असते पंचविसाव्या वर्षीची त्याची पहिली वेदना. शोक येथे स्त्रीरूपाने भेटतो, आणि जे एकेकाळी शोक होते ते आता शांती झाले आहे, असे दोघांच्या बोलण्यातून कळते. हे गद्य सुरेख आहे, थोडे अधिकच सुरेख. मला त्यापेक्षा 'छेलेबेला' जवळचे वाटते.

'छेलेबेला' १९४० सालचे, म्हणजे रवींद्रनाथ ऐंशीच्या उंबरठ्यावर असतानाचे, आणि मुलांसाठी लिहिलेले. मृत्यूच्या आदल्या वर्षी त्यांना ही वहिनी कशी आठवते? शाळेतून आल्यावर ती शिळा पाणीभात आणि कोळंबीची भाजी वाढी, त्याला मिरचीचा किंचित झटका असे. संध्याकाळी गच्चीवर चटई आणि लोड, चांदीच्या तबकात ओल्या रुमालावर बेलफुलांचे गजरे. ज्योतिदादा व्हायोलिन घेत, रवी गाई. ती आंबापोळी वाळत घाली, सुपारी कातरायला बसे, आणि दिराला हाताशी घेई. त्याच्यात काही गुण आहे हे तिला मुळीच मान्य नव्हते. चेहऱ्याविषयीही तिचे मत बरे नव्हते. पण सुपारी तो फार बारीक कातरतो, हे ती मोकळेपणाने कबूल करी, आणि त्यामुळे अडकित्ता भराभर चाले. पुस्तक विलायतेतल्या विद्यार्थिदशेपाशी येऊन थांबते. तो तिकडे आहे, आणि जोडासांकोच्या तिसऱ्या मजल्यावर वहिनी आहे.